गोदीची कार्डं

३ नोव्हेंबर, सोमवार

फुगे! साबणाचे फुगे! एवढ्यासाठी मी मुकुंदवाडीहून दोन रिक्षा बदलून सिडकोत गेलो.

ताईची शेंद्र्याच्या कंपनीत जनरल शिफ्ट झाली. दाजींची दुसरी पाळी. मग दुपारी चारला गोदीला थेरपीला नेणार कोण? किसना. दिवाळीला आलो होतो, भाऊबीज झाली की हैदराबादला सटकायचं ठरलं होतं. नाही सटकलो. रिकामा माणूस लगेच सगळ्यांच्या नजरेत येतो.

सगळं पहिल्यापासून लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी शब्द फिरवला तर आपल्याकडं पुरावा पाहिजे. तर — गोदी, म्हणजे ताईची पोरगी गोदावरी, साडेचार वर्षांची. एक शब्द बोलत नाही. बहिरी नाही, कानाची तपासणी झालीय. बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की मागच्या खोलीतून पळत येते. डोकं तर लईच चालतं, माझा मोबाईल माझ्याआधी उघडते. नुसतं 'ऊं' करते. त्या 'ऊं'चे पाच प्रकार आहेत आणि मला पाचही कळतात. अंगणवाडीच्या बाईंनी ताईला सांगितलं, स्पीच थेरपी करा. म्हणून हे.

थेरपीच्या बाईंचं नाव चारुता मॅडम. चष्मा, पायात मोजे, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. मला म्हणाल्या, "मामा, तुम्ही काचेच्या पलीकडून बघा." बघितलं. पाऊण तास. त्या फुगे उडवतात, थांबतात. गोदी 'ऊं' करते, की त्याही 'ऊं' करतात! पाऊण तासात एकदासुद्धा 'बोल' म्हणाल्या नाहीत.

बोलायला शिकवणारी बाई बोल म्हणत नाही. इथंच मला डाऊट आला.

४ नोव्हेंबर

ताई : कसं वाटलं? मी : फुगे चांगले होते. ताईनं चपाती ताटात आपटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोचायला उशीर झाला. चूक माझी नाही. वाटेत एका गच्चीवर कबुतरवाला दिसला, लांब काठीला फडकं बांधून चाळीस कबुतरं फिरवत होता. गोदी आणि मी बघत उभे राहिलो. एक कबुतर दुसऱ्याच्या थव्यात गेलं तर तो कसं परत आणतो हे विचारायला मी जिना चढून वर गेलो. चाचा चांगला माणूस. म्हणाला, "दाना देख के आता है, अपने को देख के नहीं." मग घड्याळ बघितलं. सव्वाचार!

मॅडम चिडल्या नाहीत. हेसुद्धा संशयास्पद.

आज आधी प्रश्न विचारले. घरात कोण कोण असतं? गोदीला काही हवं असलं की काय करते? घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं? म्हटलं, मी. ते लिहून घेतलं. काय लिहितात? कशाला लिहितात? वाकून बघायला गेलो तर अक्षर डॉक्टरी.

मग एक पारदर्शक बरणी, झाकण घट्ट, आत चुरमुरे. गोदीला उघडत नाही. मॅडम समोर बसून नुसत्या बघतायत! गोदी उठली, काचेपाशी आली, माझ्याकडं बघून तिसऱ्या प्रकारचा 'ऊं' केला. मी आत गेलो, झाकण उघडून दिलं.

"मामा, तुम्हाला लगेच कळलं," मॅडम म्हणाल्या.

"मग! मला तिचं सगळं कळतं. तोंड उघडायच्या आधी."

हेही लिहिलं! म्हणाल्या, घरी द्यायच्या आधी जरा थांबत जा. मनात दहापर्यंत मोजा, तिला काही करायची संधी द्या. म्हणजे लेकरू तहानलेलं असलं तरी मी पाढे म्हणत उभा राहू?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज खरं बाहेर आलं.

एक फोल्डर दिलं. आत जाड पानं, पानांवर चपलेला असते तशी चरचर आवाजाची पट्टी, आणि तिच्यावर चिकटवलेली छोटी छोटी चित्रं. पाणी. खाऊ. बाहेर. मोबाईल. झोप. दुखतंय — त्यात एक पोरगी गालाला हात लावून बसलीय. गोदीनं हवं ते चित्र काढायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. ह्याला म्हणे 'सांगणं' म्हणतात.

बाहेर बाकावर करुणा नावाच्या बाई बसल्या होत्या, त्यांची मुलगी दोन वर्षांपासून येते. विचारलं, बोलते का? म्हणाल्या, "शब्द थोडेच आलेत. पण कार्डं छान देते."

दोन वर्षं! आणि कार्डं छान देते!

जिना उतरताना तेच डोक्यात. हातानं काम झालं तर पोरगी तोंड कशाला चालवेल? साधी गोष्ट आहे. मी स्वतः हैदराबादेत बिर्याणीच्या काउंटरवर तीन महिने बोट दाखवून काम केलं, तेलुगूचा एक शब्द शिकलो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना तोंडावर विचारलं. म्हटलं, तुम्ही हिला मुकी करताय.

त्यांनी फुग्यांची बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भीती बरोबर आहे तुमची, बरेच पालक विचारतात. कार्डामुळं बोलणं थांबत नाही. आपण सांगितलं की समोरच्याला कळतं, हे तिला आधी पटू दे. ते तोंडानं सांगते का हातानं, पुढं बघू."

"पुढं म्हणजे किती पुढं?"

"तारीख नाही सांगता येणार."

बघा! तारीख नाही! सुरतेत ज्या ठेकेदारानं मला कामावर ठेवलं होतं, तोही तारीख सांगत नव्हता.

येताना गोदीला गुलमंडीत नेलं. कारण काही नाही, इमरती खावीशी वाटली. गरम होती. गोदीनं पाकाचे हात माझ्या शर्टाला पुसले. मी बघतच होतो — दुकानात शिरायच्या आधीच तिनं दोन नंबरचा 'ऊं' केला होता. कार्ड लागलं का? नाही लागलं.

१५ नोव्हेंबर

आज दुपारी गोदीनं फोल्डर आणलं, चर्रकन खाऊचं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ बंद केली. मग माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

मी लाडू दिला. ती हसली.

अंगावर काटा आला, हे खोटं कशाला लिहू. पण लगेच मनात आलं — ही तर सवय झाली. सवय मोडायला किती अवघड असते ते मला माहितंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाचोडहून द्वारकामावशी आल्या. ताईच्या सासू. एका हातात बोरांची पिशवी, पदराच्या गाठीला वेखंड. आल्या आल्या सहाण मागितली, वेखंड मधात उगाळलं आणि गोदीच्या जिभेवर फिरवलं. गोदी थू थू करत माझ्या मागं.

"आमच्या वैजूला तरी पाच वर्सांपतूर कुठं बोलता येत व्हतं?" मावशी म्हणाल्या. "वेखंड चाटवलं. आता बघा, बंद व्हत नाय."

वैजनाथ दाजी खरंच बंद होत नाहीत. ताई हसली. पण नंतर मावशींना फोल्डर दाखवलं तर त्या मागं सरकल्या. "ही कसली पाटी? चित्रं दाखवून भीक मागायला लावताव का लेकराला? म्या नाय हात लावायची. माझ्याकडं पाठवून द्या तिला. वाड्यावस्तीत दहा लेकरं हायेत, त्यांच्यात राहून बोलंल."

ताईचा चेहरा उतरला. ताईला पोरगी नजरेआड नकोय आणि नोकरीही सोडता येत नाही. दाजी दोघींच्या मधे. शेवटी दाजी म्हणाले, "सात डिसेंबरला रविवार हाय. तवर बघू. उपयोग दिसला तर थेरपी चालू, नाय तर पाचोड. किसना, रोज तू असतो पोरीसंगं. तूच सांगायचं, उपयोग हाय का नाय. पण खरं सांग."

म्हणजे सगळं माझ्या तोंडावर आलं.

गोदी पाचोडला गेलेली मलाही नकोय. पण खोटं बोलून कार्डवालीचं दुकान चालवू? एक शब्द. नुसता एक शब्द तोंडातून निघाला की मी छाती ठोकून सांगीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी सकाळी गेल्या. दुपारी मी पाण्याचं कार्ड काढलं आणि माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकलं.

विचार सरळ होता. कार्ड नाही, तर तोंड उघडावंच लागेल. गोदीनं फोल्डर उघडलं. पान उलटलं. रिकाम्या पट्टीवर बोट फिरवलं. परत उलटलं. मग माझ्याकडं बघितलं. मी बाटली वर धरली आणि म्हटलं, "पा-णी. म्हण. पा."

'ऊं'.

"ऊं नाही. पा."

रडली. आडवी पडली. मी बाटली सोडली नाही. शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. मला वाटलं, आता फुटेल शब्द, आता फुटेल. अर्ध्या तासानं ती उठली, मोरीत गेली आणि बादलीत तोंड घालून पाणी प्याली.

मी बाटली धरून तसाच उभा.

पहिला दिवस आहे. पहिल्याच दिवशी कसं होईल?

२० नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमनी फोल्डर उघडलं. "पाणी कुठं गेलं?"

तोंडातून पटकन निघून गेलं : "तिची आजी आली होती गावाकडून. तिला ही कार्डं आवडत नाहीत. तिनंच काढलं असेल."

मावशींनी तर हातसुद्धा लावला नव्हता.

मॅडमनी काही न बोलता दुसरं पाणी छापलं, कापलं, चिकटवलं. दहा मिनिटांत नवं कार्ड! माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आजीशी मी बोलू का?" म्हटलं, नको नको. चष्म्यातून त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? न बोलणाऱ्या माणसांचा मला भरवसा नाही.

घरी येऊन अख्खी एक ओळ उचकटली. पाणी, खाऊ, बाहेर, आणि शेवटचं जे होतं ते. चारही बॅगेत. एक ठेवलं तर तिचं त्यावर भागेल, म्हणून ओळीतली सगळीच.

२१ नोव्हेंबर

काही नाही. आज दिवसभर एका पंक्चरवाल्याकडं बसलो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधतो. मलाही एक सापडला. कामावर ये म्हणाला. बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार

व्हायचं ते झालं.

ताईला सुट्टी. मावशी गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं फोल्डर बघितलं, ओळ गायब. "किसना, कार्डं?" मी म्हटलं, मॅडम पण विचारत होत्या. आणि गप्प बसलो. गप्प बसलो एवढंच केलं! पुढचं सगळं ताईनंच जोडलं. वेखंड, पाटी, भीक. फोन लावला.

"आत्या, तुम्हाला नसंल पटत तर तोंडावर म्हणायचं. लेकराचं सामान कशाला उचलायचं?"

फोन स्पीकरवर होता. मावशी आधी समजल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तनू, म्या शिवलं बी नाय गं त्याला. मला चोर म्हणती व्हय?"

"चोर नाय म्हणत. पण दुसरं कोण उचलणार? किसना उचलणार?"

तिकडं बाजूला म्हैस ओरडल्याचा आवाज आला. मग फोन कट.

दाजी उठून बाहेर गेले. ताई भांडी घासायला बसली, घासलेलीच परत घासत होती. मी गोदीला घेऊन गच्चीवर. दुसऱ्या गच्चीवर कुणी पतंग उडवत होतं, संक्रांत कुठं आणि आता कुठं! मांजा कुठला असेल, बरेलीचा की इथलाच, असा विचार करत होतो. मुद्दाम करत होतो.

सात तारखेनंतर सांगून टाकीन. शब्द आला की सगळे विसरतील.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गोदी 'ऊं' करत नाही.

कधीपासून ते आठवतोय. शुक्रवारी केला होता का? हवं असलं की स्वतः चढते, ओढते, घेते. नाही मिळालं तर सोडून देते. माझ्याकडं येत नाही. मॅडम आज फुगे उडवून थांबल्या, गोदी पाठ करून बसली. नंतर मला म्हणाल्या, "घरी काही वेगळं झालंय का?"

"नाही."

पाचही 'ऊं' गेले. आता मला काय कळणार?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दोनपासून रडतेय. आपटतेय. भिंतीवर डोकं. अंग थोडं कोमट आहे. भूक? दिलं, फेकलं. पाणी? फेकलं. झोप? बाहेर जायचंय? कबुतरं? उचललं तर लाथ मारली. पोट दाबून बघितलं, पाय बघितले, फ्रॉकमधे मुंगी असेल म्हणून फ्रॉक काढला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, लाडावलंय. मीही तेच म्हटलं. ओरडलोसुद्धा. "काय पायजे ते सांग ना!"

सांग म्हणालो.

ताई सहाला आली, तिच्या कुशीत जरा शांत झाली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उशीवर पिवळा डाग. ताईनं सुट्टी टाकली. कानाच्या डॉक्टरकडं गेलो. आत पू झालाय. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांपासून ठणकत असणार, आधी का नाही आणलं?

"ती सांगत नाही हो डॉक्टर," ताई म्हणाली. "तिला सांगता येत नाही."

मी बॅग पाठीवर घेऊन उभा होतो. औषधाची चिठ्ठी ठेवायला आतला कप्पा उघडला. वरतीच होतं. चौथं कार्ड. मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं कुठलं आहे ते.

दुखतंय. गालाला हात लावून बसलेली पोरगी.

चिठ्ठी खिशात ठेवली. ताईनं विचारलं, काय झालं रे? म्हटलं, काही नाही. चेन अडकलीय.

२९ नोव्हेंबर

गोदी बरी आहे. अँटिबायोटिक गोड आहे, मागून पिते — म्हणजे बाटली हिसकावून.

हैदराबादची गाडी रोज संध्याकाळी असते. तिकीट बघितलं आणि मोबाईल बंद केला.

१ डिसेंबर, सोमवार

निघायच्या आधी चारही कार्डं परत जागेवर लावली. नीट, ओळीत. कुणी नव्हतं बघायला. गोदी होती. दारात उभी राहून बघत होती. मी "हे बघ, आली!" म्हणून पाणी तिच्या हातात दिलं. तिनं ते खाली ठेवलं आणि गेली.

मॅडम म्हणाल्या, "सगळी परत आलेली दिसतात." एवढंच! कुठून, कशी, काही नाही. पाऊण तास झाला. चुरमुऱ्यांची बरणी समोर, फोल्डर उघडं. गोदीनं एकाही कार्डाला हात लावला नाही. झाकण दातानं उघडायला बघत होती.

४ डिसेंबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं. सेशन संपल्यावर, गोदी मोजे घालत असताना. पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोरीतली बादली, मावशींचं नाव, कान. वाटलं, आता लिहून घेतील. वहीला हातसुद्धा लावला नाही.

"मला अंदाज होता," म्हणाल्या. "मी तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. तेवढी चूक माझीही."

म्हटलं, आता परत देईल ना ती?

"माहीत नाही. मामा, दिलेलं कार्ड नाहीसं होतं, हे ती शिकलीय. ते विसरायला वेळ लागेल. आणि एखादं लेकरू बराच काळ परत हात पुढं करत नाही. मी खोटा धीर देणार नाही."

मग विचारलं, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"रविवारी काय सांगणार आहात?"

मी बूट शोधत बसलो. पायातच होते.

७ डिसेंबर, रविवार

मावशी आल्या. ताईशी बोलल्या नाहीत. दारात चपला काढून तिथंच, उंबऱ्याजवळ बसल्या, पाव्हण्यासारख्या. बोरं आणली नव्हती.

दाजी म्हणाले, "हं किसना. उपयोग हाय का नाय?"

मी सकाळपासून तयारी केली होती. आधी मॅडमच्या कामाची पद्धत, मग कार्डं, मग हळूच... काहीच आठवलं नाही. बॅग उचलली, कप्पा उघडून दाखवला आणि म्हटलं, "हितं व्हती. म्या काढली व्हती. मावशींनी हात बी लावला नाय."

मग मीच बोलत सुटलो. बादली सांगितली. कान सांगितला. दुखतंयचं कार्ड सांगितलं, तेव्हा ताईनं गोदीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिचा कान हातानं झाकला. जणू मी आत्ता तिथं काही करणार होतो.

"तीन आठवडे!" दाजी ओरडले. "एरवी तुझी टकळी बंद व्हत नाय, आन् माझ्या आईला चोर केलं तवा तुझं तोंड शिवलं व्हतं व्हय रे?"

ताई ओरडली नाही. ओरडायला पाहिजे होती. म्हणाली, "मी तुझ्यावर टाकून जात होते रे. दिवसभर पॅकिंगला उभी राहायचे तर मनात यायचं, किसना हाय घरी." मग म्हणाली, "भर तुझं सामान."

मी उठलो. तेवढ्यात ताईलाच लक्षात आलं. मी गेलो तर सोमवार-गुरुवार कोण नेणार? वाईट मी होतो, थेरपी नाही, हे आत्ताच ठरलं, आणि न्यायला माणूसच नाही! ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. दाजींनी कॅलेंडरकडं बघितलं.

द्वारकामावशी उंबऱ्याजवळूनच म्हणाल्या, "म्या ऱ्हाते."

"आत्या, तुमची म्हैस, घर —"

"म्हैस जावंकडं बांधीन. काय जन्माचं काम हाय का? नेते म्या लेकराला." मग ताईकडं न बघता : "पर माझी झडती घेऊ नगं पुन्यांदा."

ताई उठली, मावशींच्या पायाशी जाऊन बसली. पाया नाही पडली, नुसती बसली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण पाय पण मागं घेतले नाहीत.

मी बॅग पाठीला लावली, तर मावशी म्हणाल्या, "त्याला आठ दिस ऱ्हाऊ द्या. मला रिक्षा कुठं बदलायची ते कोण दावणार? आन् ती पाटी बी शिकायचीय. त्याला येती ती."

का म्हणाल्या असतील? मी ज्यांच्यावर चोरी घातली त्यांनीच मला ठेवून घ्यायचं काय कारण? रात्रभर... नको. काही माणसांचं कारण शोधायचं नाही, असं ठरवून बघतो. जमत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

मावशींना घेऊन गेलो. सतरंजीवर मांडी घालून बसल्या, मॅडमसमोर. मॅडम म्हणाल्या, आजी, घाई करायची नाही, नुसतं तिच्याकडं बघत बसायचं. मावशी म्हणाल्या, "एवढंच व्हय? म्हशीच्या पान्ह्याला जन्मभर बसले की म्या."

बसल्या. पाऊण तास. मी काचेच्या पलीकडून. गोदीनं काही दिलं नाही. मावशींनी मागितलंही नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

दुपारी घरी. मी आणि मावशी समोरासमोर, मधे फोल्डर. गोदी आली. उघडलं. पानं उलटली, आणि चर्र — एक काढलं! मी हात पुढं केला. ती माझ्या हाताला वळसा घालून गेली, मावशींच्या तळहातावर ते ठेवलं आणि त्यांची मूठ बंद केली.

मावशी लगेच उठल्या. कुठलं कार्ड होतं ते मला दिसलं नाही.